गालगुंड आणि पितृत्व : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

थंडी सरू लागली की पुण्यातील शाळांमधून गालगुंडाच्या बातम्या कानावर येतात आणि त्यांच्या पाठोपाठ या सदराकडे पत्रे येऊ लागतात. या वेळी आलेल्या सहा पत्रांचा विषय एकच आहे : ज्याला गालगुंड झाले, त्याला पुढे मूल होते की नाही. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील नेहमीप्रमाणे वगळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा एकोणतीस वर्षांचा आहे. एका स्थळाशी बोलणी बरीच पुढे गेली असताना माझ्या जाऊबाई सहज म्हणाल्या, की याला लहानपणी दोन्ही बाजूंनी गालगुंड झाले होते आणि अशा मुलांना पुढे मूल होत नाही. तेव्हा तो दुसरीत होता. आठ दिवस शाळा बुडाली, मी गालावर हळदीचा लेप लावत होते, ताप उतरला आणि तो पुन्हा खेळायला पळाला. खाली कुठे दुखल्याचे त्याने सांगितल्याचे मला आठवत नाही. मुलीकडच्यांना हे सांगावे का? लग्नाआधी त्याची तपासणी करून घ्यावी का?
— एक आई, सदाशिव पेठ

उत्तर : सांगण्यासारखे यात काहीच नाही. गालगुंड हा विषाणूमुळे होणारा आजार असून त्याचा मुख्य रोख कानाखालच्या लाळग्रंथींवर असतो. तो गालाच्या एका बाजूला झाला की दोन्ही बाजूंना, याचा पितृत्वाशी कसलाही संबंध नाही. जाऊबाईंनी जी दोन बाजूंची गोष्ट कुठेतरी ऐकली असेल, ती गालांची नसून वृषणांची आहे. या आजारात वृषणाला सूज येते ती मुख्यतः वयात आलेल्या मुलांना आणि पुरुषांना. त्याआधीच्या वयात ती क्वचितच येते. आपला मुलगा तेव्हा सात-आठ वर्षांचा होता, त्याचे अंडकोष सुजले नव्हते आणि आजार आठवड्यात आटोपला. अशा गालगुंडामुळे पुढे मूल होण्यात अडचण येत नाही.

लग्नाआधीच्या तपासणीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. दोघांनी मिळून आणि आपणहून आरोग्यतपासणी करून घेतली तर त्यात गैर काही नाही. मात्र जाऊबाईंच्या एका वाक्यावरून एकट्या मुलाची वीर्यतपासणी करणे मला पटत नाही. अहवाल उत्तम आला तरी मनात पेरलेली शंका निघत नाही, आणि तापामुळे किंवा जागरणामुळे आकडा थोडा खाली आला तर विनाकारण एक स्थळ मोडते.

प्रश्न : माझे वय चौतीस आणि पत्नीचे एकतीस. लग्नाला तीन वर्षे झाली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला वसतिगृहात असताना मला गालगुंड झाले. गाल सुजल्यावर पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला आणि उजवा अंडकोष मोसंब्याएवढा सुजला. लाजेपोटी घरी काहीच सांगितले नाही. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या आणि खोलीवर पडून राहिलो. पंधरा दिवसांनी सूज उतरली, पण ती बाजू नंतर लहान आणि मऊ झाली. पत्नीच्या रक्ताच्या, सोनोग्राफीच्या आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहण्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या. सर्व नीट आहे. माझी तपासणी मात्र अडीच वर्षांनी प्रथमच झाली. शुक्रजंतूंची संख्या एका मिलिलीटरमध्ये साठ लाख आली, हालचालही कमी आहे. माझ्या आईला अजून वाटते की दोष सुनेतच आहे. मी कायमचा वंध्य झालो आहे का? त्या गालगुंडावर आता काही औषध आहे का?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : या अहवालावरून तुम्हाला वंध्य म्हणता येत नाही. संख्या कमी आहे, शून्य नाही, आणि वैद्यकात या दोन गोष्टींमध्ये फार मोठे अंतर आहे.

तुम्हाला जे झाले त्याला गालगुंडजन्य वृषणदाह म्हणतात. लस न घेतलेल्या आणि वयात आलेल्या पुरुषांना गालगुंड झाले, तर त्यांच्यापैकी साधारण १५ ते ३० टक्क्यांना हा त्रास होतो. तो बहुधा गाल सुजल्यानंतर चार ते आठ दिवसांनी सुरू होतो आणि तुमचा पाचवा दिवस त्यात अगदी बसतो. विषाणू रक्तावाटे वृषणात पोहोचतो आणि तिथल्या पेशींमध्ये वाढू लागतो. वृषणाभोवती एक जाड, पांढरे, न ताणले जाणारे आवरण असते. गालाला सूज आली की त्वचा फुगून तिला जागा करून देते. इथे तशी सोय नसल्याने सूज आतल्या आतच दाब वाढवते. कळा असह्य होतात त्या यामुळेच. या दाबाने रक्तपुरवठा मंदावतो आणि ज्या अतिसूक्ष्म नळ्यांमध्ये शुक्रजंतू तयार होतात त्यांच्यापैकी काही कायमच्या निकामी होतात. सुजलेल्या वृषणांपैकी सुमारे ३० ते ५० टक्के पुढे कमी-अधिक प्रमाणात आक्रसतात. उजवी बाजू लहान आणि मऊ लागते, याचे कारण हे आहे.

मात्र वृषण आक्रसणे आणि वंध्यत्व येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. वृषणदाह झालेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांची प्रजननक्षमता घटल्याचे आढळते. ती पूर्णपणे जाणे दुर्मीळ आहे, आणि दोन्ही वृषणे सुजली होती अशांमध्येच ती शक्यता गंभीरपणे विचारात घ्यावी लागते. वृषणदाहाच्या १० ते ३० टक्के रुग्णांत दोन्ही बाजू सापडतात. एकच बाजू गेली असेल तर दुसरे निरोगी वृषण साधारणपणे काम निभावून नेते; अपघातात किंवा शस्त्रक्रियेत एक वृषण गमावलेले कितीतरी पुरुष बाप झाले आहेत.

तुमच्या पत्रातली खरी विचार करण्यासारखी गोष्ट इथेच आहे. डावे वृषण धडधाकट असेल तर संख्या इतकी खाली का यावी? एक तर त्या वेळी डाव्या बाजूलाही सौम्य दाह झाला असेल आणि उजवीकडच्या कळांपुढे तो तुमच्या लक्षात आला नसेल. किंवा गालगुंडाशी संबंध नसलेले दुसरेच कारण असेल. वृषणाच्या शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील, हे पुरुषांतील कमी संख्येचे फार मोठे आणि बरेचदा उपचार करता येण्याजोगे कारण आहे. बारा वर्षांपूर्वीच्या गालगुंडावर सगळे ढकलून तुमच्या डॉक्टरांनी किंवा तुम्ही पुढचा शोध थांबवू नये, एवढेच मला आग्रहाने सांगायचे आहे.

शिवाय तुमची तपासणी एकदाच झालेली दिसते. वीर्यातील संख्या महिन्यामहिन्याला बरीच वरखाली होते, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने दुसरी तपासणी केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. शुक्रजंतू तयार होऊन परिपक्व व्हायला जवळजवळ अडीच ते तीन महिने लागतात. त्यामुळे गेल्या तीन महिन्यांत डेंगीसारखा कडक ताप येऊन गेला असेल तर त्याची सावली आजच्या अहवालावर पडलेली असते. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन झालेले नसावे. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून न्यायचा झाल्यास तो शरीराच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत पोहोचला पाहिजे, आणि हिंजवडीहून डेक्कनला संध्याकाळच्या गर्दीत तासाभरात पोहोचण्याची हमी कोणी देऊ शकत नाही. त्या वाहतुकीत शुक्रजंतूंची हालचाल मंदावली तर दोष गालगुंडाला लागू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, वीर्यतपासणीच्या मार्गदर्शक पुस्तिकेच्या सहाव्या आवृत्तीनुसार संख्येची खालची संदर्भपातळी मिलिलीटरला १ कोटी ६० लाख, एका वेळच्या एकूण वीर्यात ३ कोटी ९० लाख, आणि पुढे सरकणाऱ्या शुक्रजंतूंचे प्रमाण ३० टक्के आहे. ही पास-नापासची रेषा नव्हे. ज्यांच्या पत्नींना वर्षभराच्या आत गर्भ राहिला अशा पुरुषांमध्येही पाच टक्के जण या आकड्यांच्या खालीच होते, आणि तेही बाप झालेले होते.

दुसऱ्या तपासणीबरोबर अंडकोषाची डॉप्लर सोनोग्राफी आणि एफएसएच, एलएच व टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांची रक्ततपासणी करून घ्या. एफएसएच वाढलेले असेल तर शुक्रजंतू बनवणाऱ्या नळ्या थकल्या आहेत आणि मेंदू त्यांना अधिक जोराने हाका मारतो आहे, असा त्याचा अर्थ होतो. या तपासण्यांसाठी पुरुषवंध्यत्वाचा अनुभव असलेल्या मूत्ररोग शल्यविशारदाकडे जावे. आपल्याकडे जोडपे स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते, तपासणी बाईंची होते आणि नवरा बाहेर बाकावर फाइल धरून बसतो. तुमची अडीच वर्षे अशीच गेली. साधी वीर्यतपासणी पहिल्या महिन्यात झाली असती तर तुमच्या पत्नीला नलिकांची ती दुखरी तपासणी कदाचित इतक्या लवकर करावी लागली नसती.

औषधाचे म्हणाल, तर त्या जुन्या गालगुंडावर आता औषध नाही. विषाणू केव्हाच गेला आहे आणि निकामी झालेल्या नळ्या पुन्हा जिवंत करणारी कोणतीही गोळी, चूर्ण वा भस्म उपलब्ध नाही. जे शिल्लक आहे ते जपणे मात्र हाती आहे : तंबाखू आणि सिगारेट बंद, मद्य कमी, वजन आटोक्यात, मांडीवर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास काम नको. जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले तर हात जोडून नकार द्या. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की शरीर स्वतःचे शुक्रजंतू बनवणे थांबवते, आणि ‘ताकदी’साठी घेतलेल्या इंजेक्शनने संख्या शून्यावर आलेले तरुण आम्ही पाहतो.

संख्या सुधारली नाही तरी मार्ग उरतात. हालचाल करणारे पुरेसे शुक्रजंतू असतील तर ते निवडून गर्भाशयात सोडण्याचा साधा उपचार करता येतो. त्याने न जमल्यास इक्सी, ज्यात एका स्त्रीबीजात एकच शुक्रजंतू सुईने सोडतात. या तंत्राने पहिले गर्भधारण होऊन बाळ जन्मल्याचे ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये जाहीर केले, आणि तेव्हापासून कमी संख्येच्या पुरुषांचे चित्र पालटले. ज्यांच्या वीर्यात गालगुंडानंतर एकही शुक्रजंतू उरत नाही, त्यांच्यातही हानी बहुधा ठिगळाठिगळाने झालेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातील चांगल्या नळ्या शोधून त्यांतून शुक्रजंतू मिळवता येतात आणि गालगुंडाच्या रुग्णांमध्ये त्याला यश येण्याची शक्यता बरीच चांगली असते. केंद्र निवडताना ते २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणीकृत आहे ना, हे पाहा.

राहता राहिला आईंचा प्रश्न. त्यांना अहवाल तुम्ही स्वतः वाचून दाखवा. पत्नीने तो सांगणे आणि मुलाने सांगणे यांत फरक आहे.

प्रश्न : आमचा सोळा वर्षांचा मुलगा परवापासून गालगुंडाने आजारी आहे. शेजारी म्हणतात, अंथरुणातून उठला किंवा जिना चढला-उतरला तर ‘गालगुंड खाली उतरते’. एका नातेवाइकाने अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड सुरू करायला सांगितले आहे. काय करावे?
— एक वडील, हडपसर

उत्तर : मासिक छापून येईपर्यंत हा आजार संपणार हे उघड असल्याने उत्तर पत्रलेखकांना फोनवर तेव्हाच कळवले होते. इतरांसाठी ते इथे देत आहे.

गालगुंड गालातून घसरत खाली येत नाही. विषाणू रक्तातून पसरतो आणि अनेकदा गाल फुगण्याआधीच तो शरीरभर पोहोचलेला असतो. त्यामुळे मुलाला खाटेला जखडून ठेवल्याने वृषणदाह टळत नाही आणि जिना उतरल्याने तो होत नाही. विश्रांती द्यायची ती तापासाठी. भरपूर पाणी, पेज, मऊ भात द्यावा. लिंबू, चिंच, लोणचे यांनी लाळ सुटून गाल अधिक दुखतो म्हणून ते काही दिवस टाळावे. ताप-वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गाल सुजल्यापासून पाच दिवस त्याला शाळेत किंवा क्लासला पाठवू नये.

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. स्टिरॉइडने सूज आणि वेदना थोडी लवकर उतरते, पण वृषण आक्रसणे त्याने टळते असे दिसून आलेले नाही. म्हणून ते नातेवाइकाच्या सल्ल्याने मुळीच सुरू करू नये.

पुढचे दोन आठवडे मुलाला एकच गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा : अंडकोष दुखला किंवा सुजला तर लगेच सांगायचे, लाजायचे नाही. वरच्या पत्रातील तरुणाने तेच केले नव्हते. सूज आलीच तर झोपून राहणे, घट्ट लंगोट किंवा आधार देणारी आतली चड्डी घालणे, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावणे आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके घेणे, एवढाच उपचार असतो. ताप काही दिवसांत आणि सूज साधारण आठवडा-दोन आठवड्यांत उतरते.

तरीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ‘गालगुंडाचेच असेल’ असे ठरवू नये. याच वयात वृषणाला पीळ पडण्याचा धोका सर्वाधिक असतो. पीळ पडल्यावर वेदना एकाएकी सुरू होते, बहुधा मळमळ किंवा उलटी होते, आणि सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया करून पीळ सोडवला नाही तर वृषण वाचवणे कठीण होत जाते. गाल सुजलेला नसताना अंडकोष दुखला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. वडीलधाऱ्यांनी अशा वेळी शेक देत बसण्यात जे तास घालवले, त्याची किंमत काही मुलांनी एका वृषणाने मोजलेली मी पाहिली आहे.

प्रश्न : वृषणदाहानंतर माणसाची पुरुषी ताकद जाते का? आणि मुलींना गालगुंड झाले तर त्यांच्यावरही असा परिणाम होतो का?
— दोन वाचकांचा एकत्रित प्रश्न, चिंचवड व कात्रज

उत्तर : शुक्रजंतू बनवणाऱ्या पेशी आणि टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. आजाराच्या काळात टेस्टोस्टेरॉन उतरते, पण बहुतेकांमध्ये ते काही महिन्यांत पूर्ववत होते. संख्या कमी झालेल्या पुरुषाचा कामजीवनातील उत्साह, दाढी-मिशा, आवाज यांत सहसा काहीच फरक पडत नाही. दोन्ही वृषणे आक्रसली असतील आणि सतत थकवा किंवा इच्छेचा अभाव जाणवत असेल, तर सकाळच्या वेळी रक्तातील टेस्टोस्टेरॉन तपासावे.

वयात आलेल्या मुलींपैकी सुमारे पाच टक्के जणींना बीजांडकोषाचा दाह होऊन ओटीपोटात दुखते. त्यातून वंध्यत्व येणे अत्यंत दुर्मीळ आहे.

प्रश्न : आमच्या बाळाला महापालिकेच्या दवाखान्यात सर्व लसी वेळेवर दिल्या आहेत. म्हणजे गालगुंडाची भीती उरली नाही ना? माझा धाकटा भाऊ यंदा अभियांत्रिकीला वसतिगृहात जाणार आहे. त्याने या वयात लस घ्यावी का? लशीमुळेच पुढे मूल होत नाही, असेही एक जण म्हणाले.
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : पालक इथेच फसतात. सरकारी कार्यक्रमात मिळते ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेलाची लस. तिच्यात गालगुंडाचा अंश नाही. देशात २०१७ पासून तिची मोहीम झाली आणि तिने मोठे काम केले, पण गालगुंडासाठी एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस लागते आणि ती बहुतेकांना खासगी बालरोगतज्ज्ञांकडे पैसे देऊन घ्यावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान, अशा तीन मात्रांची आहे. गालगुंड हा किरकोळ आजार आहे असे समजून त्याला कार्यक्रमाबाहेर ठेवण्यात आले, हे मला पटलेले नाही. लहान मुलाच्या बाबतीत तो बहुधा किरकोळ असतो हे खरे, पण बावीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो किती किरकोळ ठरतो, हे वरच्या पत्रात दिसतेच. गंमत अशी की ही लस पुणेकरांच्या अगदी दारात, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि जगभर जाते.

गालगुंडाच्या लशीचा सर्वांत प्रसिद्ध वाण एका बापाच्या घरातूनच आला. अमेरिकेतील संशोधक मॉरिस हिलमन यांची पाच वर्षांची मुलगी जेरिल लिन १९६३ मध्ये एका रात्री गालगुंडाने आजारी पडली. त्यांनी तिच्या घशातून नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत नेला, विषाणूला दुबळे केले आणि १९६७ मध्ये त्या लशीला परवाना मिळाला. ‘जेरिल लिन’ हेच त्या वाणाचे नाव झाले. आपल्याकडे सीरमच्या लशीत वापरतात तो वाण वेगळा, लेनिनग्राड-झाग्रेब नावाचा आहे.

दोन मात्रांनंतर संरक्षण सुमारे ८५ ते ९० टक्के मिळते. शंभर टक्के नाही, म्हणून लस घेतलेल्यालाही कधी कधी गालगुंड होते. पण अशांना वृषणदाह होण्याचे प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा बरेच कमी असते. लशीने वंध्यत्व येते ही समजूत निराधार आहे; प्रजननक्षमता घटवू शकणाऱ्या आजारालाच ती अडवते.

भावाला लहानपणी एमएमआरच्या दोन मात्रा मिळाल्याची नोंद नसेल आणि गालगुंडही झालेले नसेल, तर त्याने अवश्य लस घ्यावी. दोन मात्रांमध्ये किमान २८ दिवसांचे अंतर हवे, म्हणजे प्रवेशाच्या आधी दीड-दोन महिने सुरुवात करायला हवी. एका खोलीत तीन-चार मुले, एकाच बाटलीतले पाणी आणि मेसमधले एकमेकांचे चमचे, अशा ठिकाणी हा विषाणू लाळेतून झपाट्याने पसरतो, आणि गाल सुजण्याच्या दोन दिवस आधीपासूनच रुग्ण तो पसरवत असतो. शेजारच्या खोलीत गालगुंड आल्यावर घेतलेली लस त्या संसर्गापासून वाचवत नाही, पुढच्यापासून वाचवते.

ही जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूंची लस असल्याने गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या रुग्णांना देत नाहीत. स्त्रियांनी ती घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी. बाळाच्या कार्डावर ‘एमआर’ लिहिले आहे की ‘एमएमआर’, ते आज संध्याकाळीच काढून पाहा. नुसते एमआर असेल तर पुढच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना ते कार्ड दाखवून उरलेल्या मात्रांच्या तारखा त्यावरच लिहून घ्या.